घाऊक भातुकली

आधी मामी. बाकीचं सगळं त्यांच्यानंतर.

चेन्नईत तुझं कोण आहे, असं कुणी विचारलं तर खरं म्हणजे मी चुलत्यांचं सांगायला हवं, रक्ताचे तेच. पण तोंडातून मामीच येतं. त्या माझ्या मामाच्या कुणी नाहीत. इथे वयानं मोठ्या बाईला मामी म्हणतात, आणि त्यांच्या गल्लीत दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना मामीच म्हणतात. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाल्या. नुंगंबाक्कममध्ये एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. आज माझी छाती साफ आहे आणि हातात काम आहे, ते या बाईमुळे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण एकदा खेळण्यांची गोष्ट सुरू झाली की मी त्यातच वाहवत जातो.

मी माणदेशातला. आमच्याकडची पोरं शाळा सुटली की गलाईला जातात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. देशात जिथे म्हणून सराफांची पेठ आहे तिथे आमच्याकडचा कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला असतो. माझी शाळा नववीत सुटली. थोडं गणितामुळे, थोडं घरच्यामुळे. चुलत्यांनी मला इथे सौकारपेटेतल्या त्यांच्या दुकानात आणलं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, आत भट्टी, मुशी आणि तेजाबाच्या बरण्या. तेजाबात माल पडला की तांबूस धूर उठतो. तो धूर मी काही वर्षं प्यालो. बोटांच्या टोकांची कातडी जळून जळून जाड झाली, आणि छातीत खोकला बसला तो उठायचं नाव घेईना.

एका दुपारी एक वयस्कर बाई जुनी रेशमी साडी घेऊन दुकानात आल्या. खऱ्या जरीची साडी जाळली की राखेतून चांदी निघते, असली कामं आमच्याकडे नेहमीची. मी साडी उलगडली. काठ वीतभर रुंद, त्यावर मोर. चुलत्यांकडे बघून मी आपल्या भाषेत म्हणालो, "एवढं देखणं लुगडं जाळायचं म्हंजी पापच की."

उत्तर समोरून आलं, तेही मराठीत.

"पाप कसलें रे? फाटलें आहे. आईचें लग्नाचें होतें. चांदी निघाली तर नातीला पैंजण करीन. आई नातीच्या पायांत वाजेल."

माझा हात तसाच राहिला. इतिहासाच्या पुस्तकात जुनी पत्रं छापलेली असतात ना, तशी ती भाषा. मधूनच एखादा तमिळ शब्द, वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. शेकडो वर्षांपूर्वी कुणी माणसं आपल्या मुलखातून इकडे आली आणि त्यांनी ही बोली घरातल्या घरात सांभाळली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की ही बाई आपलं बोलतेय आणि तरी आपल्यासारखं बोलत नाही.

साडी पेटली. मामींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, कारण मला ढास लागली होती.

"केव्हांपासून खोकतोस?"

चुलते म्हणाले, "ताई, आमच्यात समदेच खोकत्यात."

"मग सगळ्यांनाच नेतें डॉक्टराकडे," मामी म्हणाल्या. "ह्याच्यापासून आरंभ करूं."

खरंच घेऊन गेल्या. चांदी न्यायला आल्या त्या दिवशीच. छातीच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि सांगितलं की हा धूर सोडला तर मुलगा चाळिशी बघेल. नाही सोडला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "आरं, मग ये की माघारी. पर हितं येऊन करशील काय?"

मामींनी विचारबिचार केला नाही. दुसऱ्या दिवशी मला जॉर्ज टाउनमधल्या एका बोळात नेलं. तिथे खेळण्यांचं घाऊक दुकान होतं. दुकानाचे मालक लहानपणी मामींच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे आणि इंग्रजीचा अभ्यास करायला वर यायचे. आता त्यांचं पोट सुटलं होतं, दुकानात सगळे त्यांना मुदलाळी म्हणजे मालक म्हणून हाक मारत होते, पण मामी आत शिरताच ते खुर्चीतून उठले.

"ह्याला ठेवून घे," मामी तमिळमध्ये म्हणाल्या. तेवढं तमिळ मला कळायला लागलं होतं.

"मामी, माझ्याकडे आधीच माणसं जास्त आहेत."

"मग आणखी एक जास्त. चोरत नाही. खोकतो, पण ते जाईल."

मुदलाळींनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं. "खेळण्यांचं काही कळतं का याला?"

मामी म्हणाल्या, "तुला तरी व्याकरणाचं काय कळत होतं?"

तिथे मी लागलो. पहिल्या दिवशी गोदामात गेलो आणि मान वर करून उभाच राहिलो. जमिनीपासून पत्र्यापर्यंत खेळणी. मोटारी, बंदुका, बोलणाऱ्या बाहुल्या, टाळ्या वाजवणारी माकडं. आमच्या घरी पोळ्याचे मातीचे बैल असायचे, आणि ते मोडले की मोडले. जगात मुलांसाठी एवढं केलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. शिपायासारखा उभा राहून मी श्वास घेतला आणि खोकला आला नाही. प्लास्टिकचा वास येत होता, पण तेजाबापुढे तो अत्तरच.

घाऊक धंदा म्हणजे काय ते तिथे शिकलो. वेल्लोर, विल्लुपुरम, कांचीपुरमकडचे दुकानदार येतात, खोक्यावर खोका उचलतात. एकेक नग कुणाला द्यायचा नाही, तशी पाटीच दाराशी होती. माल उठला पाहिजे. पडून राहिला की जागा खातो. मुदलाळींचं म्हणणं, गोदामातली जागा म्हणजे भाड्याचा बैल, चारा रोज लागतो. कुणी विचारलं की ही म्हण कुठली, तर म्हणायचे, माझीच.

आणि मग मुदलाळी दिल्लीच्या एका प्रदर्शनाला गेले आणि भारावून परत आले. मागोमाग ट्रक आला. लाकडी भातुकली, भोवरे, पांगुळगाडे, दात येणाऱ्या बाळांनी चावायच्या कडुनिंबाच्या कड्या, कापडी बाहुल्या, काथ्याचे हत्ती. रंग हळदीचा, निळीचा, लाखेचा. प्लास्टिक नाही, सेल नाही, मातीत पुरलं तर माती होणार. "आता जग इकडेच चाललंय," मुदलाळी सगळ्यांना सांगत होते. "पर्यावरण."

मी खोकी उघडली. इवलीशी चूल, इवलंसं जातं, बोटाएवढा बत्ता. आमच्या बहिणीनं दगड आणि करवंट्या घेऊन मांडलेली भातुकली मला आठवली. आणि इथे कुणा मोठ्या माणसानं, मिशा असलेल्या, कामाधामाच्या माणसानं, हे एवढंसं जातं लाकूड कातायच्या चरकावर धरून गुळगुळीत केलं होतं. त्यातली वरची तळी फिरतही होती. मी ती किती वेळ फिरवत बसलो कुणास ठाऊक.

माल तपासायचं काम माझ्याकडे आलं. लाकडाला कुठे सल राहिला तर मुलाच्या बोटात जाईल. पण माझ्या बोटांना तेजाबानं काही ठेवलं नव्हतं, सल असला तरी कळायचा नाही. म्हणून मी प्रत्येक नग गालावरून फिरवायला लागलो. गाल खोटं बोलत नाही. कुठे खरखर लागली की बारीक कागदानं घासायचं, पुन्हा गाल. गोदामाचे मेस्त्री, म्हणजे आपले मुकादम, बघत राहायचे.

"काय रे मराठी, लाकडाशी लग्न ठरलंय का?"

"बघतोय."

"मुका घेऊन बघतोस? मुलीकडचे काय म्हणतील?"

सगळे हसायचे, मीही हसायचो. पण माल उठत नव्हता. वेल्लोरचा एक दुकानदार, दर महिन्याचं गिऱ्हाईक, पांगुळगाडा उलटासुलटा करून बघत म्हणाला, "सेल कुठे घालायचा?"

"सेल लागत नाही, अण्णा."

"दिवा लागतो?"

"नाही."

"मग हे करतं काय?"

"हे काही करत नाही. मूल करतं."

"मुलाला स्वतःला काही करायचं असतं तर ते बापाचा मोबाइल कशाला मागेल?" असं म्हणून त्यानं नाचणाऱ्या माकडांची खोकी उचलली आणि निघून गेला.

बाकीचेही तसेच. महाग आहे, जड आहे, डोळ्यात भरत नाही. दुकानात टांगता येत नाही. मी नमुन्यांची पिशवी घेऊन बसनं फिरलो. नुंगंबाक्कममध्ये काचेचं एक दुकान आहे, तिथल्या बाईंना सगळं फार आवडलं. त्यांनी मोजके नग घेतले आणि आमच्या दुप्पट भावाच्या चिठ्ठ्या लावल्या. घाऊकवाल्याला त्यात काय मिळणार? सिरुसेरीला कंपन्यांच्या मागच्या उंच इमारतींत तरुण आयांनी एकेक कडी घेतली, प्रश्न मात्र खूप विचारले. लाकूड कुठलं, रंग कशाचा, तपासणीचा शिक्का आहे का. मला येत होतं तेवढं सांगितलं. पण एकेक कडीसाठी एवढा प्रवास, त्यात बसचं तिकीटही सुटत नव्हतं.

मी एकच चांगली गोष्ट मुदलाळींना सांगितली. सेलवरची खेळणी बिघडून परत येतात, त्यांचा कोपरा भरलाय. लाकडातलं एकही परत आलं नाही.

"विकलं गेलं असतं तर आलं असतं," मेस्त्री म्हणाले.

ऑगस्ट सरत आला तेव्हा मुदलाळींनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट वाटलं. म्हणाले, "धंदा मंदा आहे. लोक घरबसल्या मागवतात. मला माणसं कमी करायचीत. विजयादशमीपर्यंत मला एक उत्तर दे, घाऊकवाल्यानं हा माल ठेवण्यात अर्थ आहे की नाही. असेल, तर तो विभाग तू सांभाळ, कारागिरांशी हिंदी तूच बोलतोस. नसेल, तर माल जाईल त्या भावात काढून टाकू."

"आणि मी?"

"तुझ्या काकांचं दुकान आहे ना."

आहे. भट्टी आहे, बरण्या आहेत, धूर आहे. त्या दिवसापासून मला झोपेत खोकल्याचा भास व्हायचा आणि जाग आल्यावर खोकला नसायचा.

मामींना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी एकदा शब्द टाकला, पुन्हा पुन्हा कसं जायचं? पण एका रविवारी त्यांचाच फोन आला. "माळ्यावरच्या पेट्या काढायच्या आहेत. उंच मनुष्य पाहिजे. ये."

नवरात्र जवळ आलं होतं. इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. मामींकडच्या पेट्यांत देव, राजे, वाणी, वाजंत्री, सगळे जुन्या धोतरांत गुंडाळून वर्षभर झोपलेले. मी एकेक उलगडून देत होतो. त्यात एक लाकडी जोडी निघाली, नवरा आणि बायको, तांबड्या लाकडाची. अशी जोडी इथल्या घराघरात असते, तिला मरप्पाची म्हणतात. बायकोला नाकच नव्हतं. तोंडाच्या जागी नुसता एक मऊ उंचवटा.

"मामी, हिचं नाक कुठे गेलं?"

"माझ्या आजीनें खाल्लें. उरलें तें आईनें. मी आलें तोंवर कान तेवढे शिल्लक होते, ते मी घेतले."

सवयीनं मी ती बाहुली गालाला लावली. अशी गुळगुळीत वस्तू मी जन्मात हाताळली नव्हती. कुठल्याही कागदानं असं घासता येत नाही. हे काम हिरड्यांनी केलेलं, एका पिढीनं दुसरीकडे सोपवलेलं. त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळानं जगातलं पहिलं काही चाखलं असेल तर हे, आणि ते अजून इथेच होतं, माझ्या गालाला लागून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का ते सांगता येणार नाही. मग मी सगळं बोलून टाकलं. माल, वेल्लोरचा दुकानदार, विजयादशमी, चुलत्यांची भट्टी.

मामींनी ऐकून घेतलं. धीर वगैरे दिला नाही. म्हणाल्या, "त्या भातुकलीचे चार संच आणि थोड्या कड्या इकडे ठेवून जा. पहिल्या दिवशीं सांजे ये. सुंडल खा आणि कोपऱ्यांत बसून राहा."

"पण मामी, चार संचांनी काय होणार?"

"खा म्हणटलें ना? आधीं खा."

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पायऱ्यांवर बाहुल्या झगमगत होत्या. बायका येत होत्या, रेशमी साड्या, केसांत मोगरा. कुणी गाणं म्हणत होतं, मग कौतुक, मग सुंडल म्हणजे आपली हरभऱ्याची उसळ, आणि निघताना कुंकू, विड्याची पानं, सुपारी आणि सोबत एखादी भेटवस्तू. येणाऱ्या प्रत्येकीला काहीतरी हातात द्यायचंच, अशी रीत. मामी सांगत होत्या की हल्ली सगळ्या घरांत प्लास्टिकचे डबेच देतात, आणि तेच डबे पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी जातात. "माझा एक निळा डबा तीन गल्ल्या फिरून माझ्याकडेच आला," असं त्या म्हणाल्या तेव्हा एक बाई लाजून हसली.

आयांबरोबर मुलंही होती. आणि मुलांना त्या खोलीत एकच वाक्य ऐकू येत होतं. हात लावू नको. गोलूतल्या बाहुल्यांना शिवायचं नसतं. एवढ्या बाहुल्या समोर, आणि मुलं हात पाठीमागे बांधून उभी, शाळेत उभी केल्यासारखी.

मामींनी पायऱ्यांच्या बाजूला जमिनीवर एक चटई टाकली आणि त्यावर माझी भातुकली ओतली.

मग एक मुलगी बसली. तिनं जातं ओढलं. दुसरीनं चूल. एका मुलानं बत्ता घेऊन कुटायला सुरुवात केली, टक टक टक, आणि कुणी त्याला थांबवलं नाही, कारण तो आवाज लाकडाचा होता, गाण्यात मिसळून जात होता. थोड्या वेळानं मी पाहिलं तर सगळी मुलं चटईवर. कुणी रडत नव्हतं. मोबाइल मागत नव्हतं. एक मुलगी रिकाम्या पातेल्यातून रिकाम्या ताटलीत वाढत होती आणि समोरचा मुलगा जेवत होता, "तिखट आहे," म्हणत होता, आणि ती त्याला रिकाम्या पेल्यातून पाणी देत होती. मी हजारो खेळणी खोक्यांत भरली होती. खेळताना मूल बघितलंच नव्हतं. घाऊक गोदामात मूल कधी येत नाही.

एका बाईच्या मांडीवर दात येणारं बाळ होतं. त्यानं चटईवरची कडी उचलली आणि सरळ तोंडात घातली. रंग गेला तर? लाळेत हळद उतरली आणि आई ओरडली तर? बाळ चावत होतं, कडी ओली होऊन चकाकत होती, मी त्याच्या हनुवटीकडे डोळे लावून बसलो होतो. आईनं कडी ओढून घेतली नाही. पदरानं बाळाचं तोंड पुसलं आणि पदर उजेडात धरून पाहिला. पांढरा काठ पांढराच होता.

"सल वगैरे नाही ना?" तिनं मामींना विचारलं.

मामींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याला विचार. एकेक कडी स्वतःच्या गालावर फिरवून बघतो तो."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. जमीन दुभंगावी असं वाटलं. त्या हसल्या, पण मेस्त्रींसारखं नाही. एकीनं कडी घेतली आणि आपल्या गालावरून फिरवली. तिच्याकडून दुसरीनं घेतली. मग तिसरीनं जातंच उचललं. रेशमी साड्यांतल्या, नाकात हिऱ्याच्या चमक्या घातलेल्या त्या बायका लाकडाचे तुकडे गालांवरून फिरवत होत्या, डोळे अर्धवट मिटून, एकमेकींकडे सरकवत. मी असं दृश्य आयुष्यात पाहिलं नाही आणि पुन्हा बघेन असं वाटत नाही.

"कुठे मिळतं हे?" बाळाची आई म्हणाली. "पुढच्या महिन्यात याचा वाढदिवस आहे. येणाऱ्या मुलांना द्यायला हवंय."

"आमच्याकडे नातवाची मुंज आहे," दुसरी म्हणाली.

"आमच्याकडे वळैकाप्पू." म्हणजे डोहाळजेवणासारखं, बांगड्या भरायचं.

मामींनी मान हलवली. "मिळणार नाहीं. घाऊकाचें दुकान आहे. एकएक देत नाहींत."

"एक कोण मागतंय?" त्या बाई म्हणाल्या.

त्याच क्षणी मला समजलं. मी दुकानदारांच्या मागे धावत होतो. घाऊक घेणारं गिऱ्हाईक इथे जमिनीवर बसून उसळ खात होतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी त्या बायका दुकानात आल्या, मामी पुढे. मेस्त्री दारातच म्हणाले, "मामी, घरगुती गिऱ्हाईक घेत नाही आम्ही. पाटी वाचा."

"वाचली. 'एक नग मिळणार नाही.' बरोबर आहे. आम्हांला एक नको."

मुदलाळी उठून उभे राहिले. "मामी, तुम्ही कशाला... घरच्या कार्याला लोक डबे नेतात, ते पलीकडच्या गल्लीत."

"डबे पुरे झाले. याच्याशी बोल," मामी म्हणाल्या आणि मला पुढे करून स्टुलावर बसल्या.

माझं तमिळ त्या दिवशी कसं वाहिलं कुणास ठाऊक. मुंजीला भोवरे, बारशाला कड्या, वळैकाप्पूला भातुकली, कापडी पिशवीत, प्लास्टिक नाही. बायकांनी भावात घासाघीस केली, कसलेल्या दुकानदाराहून कडक. पण एक गोष्ट वेगळी होती. वेल्लोरचा दुकानदार विचारायचा, खपेल का. या बायका विचारत होत्या, तोंडात घातलं तर चालेल ना. त्या प्रश्नाला माझ्या मालाजवळ उत्तर होतं.

विजयादशमीला दुकानाची पूजा झाल्यावर मुदलाळींनी विचारलं, "मग? अर्थ आहे का?"

मी जे पाहिलं तेच सांगितलं. विल्लुपुरमच्या दुकानात टांगायला म्हणाल तर नाही, निदान आज नाही. कापडी बाहुल्यांना इथल्या दमट हवेत वास येतो, त्या मागवू नयेत. काथ्याचे हत्ती धागे सोडतात. पांगुळगाडा जागा खातो. पण भातुकली, भोवरे आणि कड्या, घरच्या कार्यांसाठी, आधी ऑर्डर घेऊन, तर अर्थ आहे. माल सडत नाही, बिघडत नाही, परत येत नाही. आणि ज्या घरात जातो तिथून पुढच्या घरी त्याची बातमी जाते.

मुदलाळी मेस्त्रींना म्हणाले, "मागची मांडणी रिकामी करून याला दे." मेस्त्रींनी माझ्या पाठीत थाप मारली. "लग्न जमलं म्हणायचं तुझं."

मी बाहेर बोळात येऊन आईला फोन लावला. म्हटलं, राहिलो. तिला आधी कळेना, मग रडायला लागली. मग म्हणाली, "त्या बाईला काय दिलंस?"

काहीच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडी घेऊन गेलो तर मामींनी घेतली नाही. "माझ्याकडे साड्या आहेत. जाळायला तूंच लागशील," म्हणाल्या. मग काय देऊ, असं विचारलं. त्या बाहुल्या धोतरांत गुंडाळत होत्या, हात थांबला. म्हणाल्या, "आमचें मूळ गांव कोणतें, कोणालाच ठाऊक नाहीं. मराठी मुलूख मी पाहिलाच नाहीं. सगळा जन्म भाषा बोललें, आणि ती जिथें बोलतात तें ठिकाण पाहिलें नाहीं." आणि लगेच, "असो. तो सुतळीचा गुंडा दे."

मामी, तुमचं गाव मला शोधता येणार नाही. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. पण आमचं गाव आहे. तुमचे गुडघे दुखतात, म्हणून गाडीत खालचा बर्थ काढीन, स्टेशनवरून जीपनं नेईन. आई चुलीसमोर बसून तुम्हाला गरम भाकरी वाढेल, आणि तुम्ही तुमच्या मराठीत तिच्याशी बोलाल, ती तिच्या मराठीत बोलेल, आणि मी मध्ये बसून ऐकेन. अजून जमलेलं नाही. आधी ही मांडणी नीट चालू दे. पण नेणार. तुम्ही तेवढ्या थांबा.